हिरामण नानांचा आरोग्यकोश

माझी मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. गेल्या वर्षापासून ती आणि तिचे काही मित्र इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशासाठी मराठीतून आरोग्याचे लेख लिहितात. कोणी सांगितलेलं नाही, कोणी शाबासकी देणार नाही, तरी लिहितात. परवा जेवताना ती मला म्हणाली, "बाबा, गंमत म्हणजे आमच्यात कोणीही कोणाचंही लिहिलेलं दुरुस्त करू शकतं. मी लिहिलेलं दुसरा खोडतो, त्याचं मी खोडते, आणि लेख दोघांपेक्षा शहाणा होतो. असलं काही तुमच्या वेळी नव्हतं."

"होतं," मी म्हणालो. "पिंप्राळ्यात होतं. एसटीवर चालायचं."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मी पुढे काही बोललो नाही, कारण बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ते सगळं मी आता लिहून काढतोय.

हिरामण नाना सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. सगळी नोकरी धुळ्याकडच्या लहान लहान गावांत झाली. निवृत्त झाल्यावर ते जळगावला पिंप्राळ्यात दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. बुटके, काटक, डोक्यावर टोपी, खिशाला एक लाल आणि एक निळं बॉलपेन. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. पहिल्या भेटीत मला ते चमत्कारिक वाटलं. मी तेव्हा नुकताच कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागलो होतो आणि माझ्या चेहऱ्यात बघण्यासारखं बरंच काही आहे अशी माझी समजूत होती.

हातांकडे बघण्याची सवय त्यांना दवाखान्यात लागली. त्या काळी पातळ औषधाच्या बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. नाना पट्टी चिकटवून प्रत्येकाला समजावून सांगत आणि शेवटी विचारत, "समजलं का?" माणूस मान डोलवी. एकदा एक शेतकरी तासाभराने परत आला, रिकामी बाटली खिडकीत ठेवली आणि म्हणाला, "संपनी. आते दुसरी द्या." बाहेर लिंबाखाली बसून त्याने सहा वेळचं औषध एका दमात पिऊन टाकलं होतं. तो दोन दिवस झोपून राहिला, एवढ्यावर भागलं.

"त्या दिवसापासून समजलं का हे विचारणं मी बंद केलं," नाना सांगत. "मान डोलवायला काय लागतं? करून दाखव म्हणायचं. हात खोटं बोलत नाहीत."

या एका गोष्टीवर त्यांनी आरोग्यकोश उभा केला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांची ही हकीकत आहे. आम्ही दहा-बारा जण होतो. जळगावचे, पाचोऱ्याचे, पारोळ्याच्या मालतीताई म्हणून एक शिक्षिका, धुळ्याचे एक नावाजलेले डॉक्टर. एका दुखण्याला एक सुटं पान. पानाच्या डाव्या अर्ध्या भागात मजकूर, उजवा अर्धा कोरा. ते पान रेक्झिनच्या पिशवीतून एसटीच्या कंडक्टरजवळ दिलं जाई. जळगावहून पारोळा, पारोळ्याहून धुळे, आणि परत. ज्याच्याकडे पान जाईल त्याने कोऱ्या भागात आपलं म्हणणं लिहायचं. हवं ते खोडायचं, पण खोडणाऱ्याने शेजारी नाव घालायचं. डॉक्टरांचं वाक्य शिक्षिकेने खोडलं तरी चालत होतं. शिक्षिकेचं वाक्य कंडक्टरने खोडलेलंही मी पाहिलं आहे. तो बसस्थानकात पान वाचत बसायचा आणि उन्हाची लू लागल्यावर काय करावं, या पानावर त्याने आमच्यापेक्षा जास्त लिहिलं होतं.

सगळ्यांचं झालं की शेवटची पायरी. ज्याचा आरोग्यशास्त्राशी काही संबंध नाही अशा माणसाला पान एकदाच वाचून दाखवायचं. समजावून सांगायचं नाही, मध्ये तोंड उघडायचं नाही. ऐकणाऱ्याने पानात सांगितलेलं करून दाखवायचं. तो चुकला तर पान चुकलं. मग पिशवी पुन्हा धुळ्याच्या गाडीत. आणि पान पक्कं झालं की तळाशी तीन नावं छापली जात: लिहिणार, तपासणार, करून पाहणार. तिन्ही एकाच मापाच्या अक्षरात. शेवटी नाना सही करत आणि पान सायक्लोस्टाइलवर प्रती काढायला जाई.

करून पाहण्याचा पहिला मान नानांच्या बायकोचा, अक्कांचा. आम्ही पिशवी घेऊन ओट्यावर चढलो की त्या आतून म्हणत, "ल्या, आखो एक पान उनं! मी काय यासनी परीक्षाले बशेल शे का?" पण हात पदराला पुसत बाहेर येत. एकदा मालतीताईंनी नाकातून रक्त आलं तर काय करावं, हे पान लिहिलं होतं. पेशंट नाना. मालतीताईंनी वाचलं: पुढे वाकवून बसवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट दाबून धरावा. अक्कांनी नानांना वाकवलं आणि नाक धरलं. आम्ही बघतोय. एक मिनिट गेलं. नाना हातांनी काहीतरी खुणावायला लागले. चेहरा लाल झाला.

"अक्का, सोडा ना!" मालतीताई न राहवून ओरडल्या.

"पानवर सोडानं लिखेल नही," अक्का म्हणाल्या आणि पकड आणखी घट्ट केली.

शेवटी नानांनी तोंड उघडून श्वास घेतला, अक्कांचा हात झटकला आणि खोकत, हसत, डोळे पुसत पहिलं वाक्य बोलले ते असं: "लिहा, लिहा! तोंडाने श्वास घ्यायला सांगा. आणि दहा मिनिटांनी सोडा, हेही लिहा, नाहीतर ही बाई मला सोडायची नाही."

धुळ्याच्या डॉक्टरांचा किस्सा थोडा कडू होता. त्यांनी जखमेचं पान लिहिलं आणि वर चिठ्ठी जोडली की हे तपासण्याची गरज नाही. नानांनी ते पान नाक्यावरच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला वाचून दाखवलं. 'जखम स्वच्छ करून पट्टी बांधावी.' मेकॅनिकने खऱ्या खरचटलेल्या पोटरीवर रॉकेलचा बोळा फिरवायला घेतला. त्याच्या लेखी स्वच्छ करणं म्हणजे तेच. नानांनी त्याचा हात धरला आणि पानावर लाल पेनाने एकच शब्द लिहून पान परत पाठवलं: 'कशाने?'

डॉक्टर रागावले. आठ दिवस पिशवी अडकून पडली. नवव्या दिवशी, रविवारी, ते स्वतः गाडी घेऊन पिंप्राळ्यात आले. "नाना, कंपाउंडर असताना तुम्ही आमच्या चिठ्ठीवर असं लिहिलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"नसतं लिहिलं, साहेब," नाना म्हणाले. "म्हणून तर तेव्हा लोकांच्या जखमा चिघळायच्या."

डॉक्टर हसले. ओट्यावर बसून त्यांनी पान पुन्हा लिहिलं, स्वतः गॅरेजमध्ये जाऊन वाचून दाखवलं, आणि त्या पानाच्या तळाशी त्यांच्या नावाखाली मेकॅनिकचं नाव छापलं गेलं. मेकॅनिकने ते पान गॅरेजात देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं. मला आजही अभिमान वाटतो तो या गोष्टीचा. आम्ही कोणाला शहाणं करायला निघालो नव्हतो. आम्ही आपलं लिहिणं त्यांच्या हातांनी तपासून घेत होतो.

आता माझं.

जुलाबाचं पान माझ्याकडे होतं. मीठ-साखरेच्या पाण्याचं. हे सगळ्यांत महत्त्वाचं पान, असं नाना म्हणत, कारण उन्हाळ्यात लहान मुलं यानेच जातात. पान पाचोऱ्याहून, पारोळ्याहून, धुळ्याहून तपासून आलं. माप बरोबर होतं: एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. राहिलं होतं फक्त करून पाहणं. ते चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर रविवारी करायचं ठरलं होतं. तिथल्या बुधीबाईला मी आधी एकदा भेटलो होतो. पन्नाशीची बाई, मजुरीला जाणारी, पाड्यावरची बाळंतपणं करणारी. तिच्याकडून पाणी बनवून घ्यायचं आणि सोमवारी पान नानांना द्यायचं.

त्याच रविवारी मला पाचोऱ्याला मुलगी बघायला जायचं होतं. दोन्ही गोष्टी एका दिवसात होणार नव्हत्या. मी नानांना एवढं सांगितलं असतं तरी त्यांनी पान आठवडाभर थांबवलं असतं. पण मला सांगायची लाज वाटली, आणि माप तर बरोबरच आहे, असंही वाटलं. मी शनिवारी आईच्या स्वयंपाकघरात, आईच्या चहाच्या चमच्याने पाणी बनवून पाहिलं. छान झालं. मग पानाच्या तळाशी, करून पाहणार या जागी, मी माझ्या हाताने लिहिलं: बुधीबाई. रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून पाचोऱ्याला पोहे खाल्ले. ती मुलगी आज माझी बायको आहे. हे तिला सांगायला मला लग्नानंतर सात वर्षं लागली.

नानांनी सही केली. पान छापलं गेलं आणि तीसेक गावांत भिंतींवर लागलं.

महिन्याभराने नाना फिरतीवर असताना त्या पाड्यावर गेले. बुधीबाईच्या मुलीच्या लहानग्याला जुलाब होत होते. बुधीबाई त्याला पानात सांगितलेलं पाणी पाजत होती आणि पोरगं थुंकत होतं, ओकत होतं. नानांनी भांड्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि सगळं पाणी अंगणात ओतून दिलं. तिच्या घरात चमचा एकच होता, कालवण वाढायचा. अर्धा चमचा मीठ तिने त्याच मापाने घातलं होतं. आणि लिटर म्हणून तिने घेतला होता पितळी तांब्या, ज्यात जेमतेम अर्धा लिटर पाणी मावायचं. पोर आणखी दोन दिवस ते पाणी प्यायलं असतं तर काय झालं असतं, हे मी जीवशास्त्राचा शिक्षक असल्याने मला नीट माहीत आहे. नानांनी तिच्यासमोर नवीन पाणी बनवलं, दोन घोट पोटात राहिल्यावर पोराला आणि आईला घेऊन चोपड्याच्या दवाखान्यात गेले. पोर वाचलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नाना माझ्या घरी आले. पान टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं, आवाज न चढवता.

"मी विचारलं तिला," ते म्हणाले. "बाई, तू तर हे करून पाहिलं होतंस ना, तेव्हा कोणता चमचा घेतला होता? ती म्हणाली, माले कोनी इचारं नही. पण शाळेच्या मास्तरांनी तिला वाचून दाखवलं होतं की खाली तिचं नाव आहे. म्हणून ती ते पाणी पाजत राहिली. म्हणाली, मनं नाव शे, म्हणजे खरंच असंन."

नाना माझ्या हातांकडे बघत होते. मी हात टेबलाखाली घेतले.

"सकाळी साडेसहाची गाडी आहे," ते उठत म्हणाले. "सुट्टी काढ."

त्यानंतरचे अकरा दिवस मी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरलो. एसटी जाईल तिथवर एसटी, पुढे पायी किंवा कोणाची बैलगाडी. नवीन पान नानांनी त्या चार दिवसांत तयार केलं होतं. त्यातून चमचा हा शब्दच काढला होता. तीन बोटांची चिमूट होती, पाण्यासाठी पितळी तांब्या होता, आणि सगळ्यात वर होतं: पाणी आधी स्वतः चाखा, आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. हे शेवटचं वाक्य अक्कांचं. या वेळी ते पान सात घरांत, सात वेगळ्या भांड्यांत करून पाहिलं होतं.

प्रत्येक गावात नाना पारावर किंवा शाळेपुढे उभे राहत, टोपी काढत आणि म्हणत, "मंडळी, आमचं चुकलं. भिंतीवरचं पान काढून टाका." मग मी नवीन पान वाचायचो. एका गावात एक जण टपरीवरून ओरडला, "नाना, आते हे पान तरी बरोबर शे का? का यालेबी पुढना महिनाले फाडाले येशात?"

"चूक सापडली तर येईन," नाना म्हणाले. "तूच शोध ना भो. सापडली तर खाली तुझं नाव छापतो."

लोक हसले. पण तो माणूस खरोखरच पान घेऊन घरी गेला आणि पुढे चार वर्षं आमच्या पिशवीतली पानं त्याच्या गावावरून फिरून आली. मी घाबरलो होतो की आता कोश संपला, आता आमच्या कागदाला कोणी हात लावणार नाही. झालं उलट. आपली चूक सांगायला उन्हात पायी येणारा कागदवाला लोकांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

मला मात्र त्या 'आमचं' या शब्दाची सावली मिळाली होती आणि मी तिच्यात बसून राहिलो.

शेवटचा पाडा बुधीबाईचा. नानांनी तिथेही टोपी काढली, तिथेही आमचं चुकलं म्हणाले. बुधीबाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. पोर बरं होतं, तिच्या कानातल्याशी खेळत होतं. तिने सरळ विचारलं, "ते झायं. पन मनं नाव कोनी लिखं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ ते पायातली चप्पल बघत उभे राहिले. आज मला कळतं की ते मला जागा करून देत होते. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मी तोंड उघडलं नाही.

"शेवटची सही माझी होती बाई," नाना म्हणाले. "माझं चुकलं."

परतीच्या गाडीत त्यांनी मला शेंगदाणे दिले. त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत. पुढेही कधी नाही. मला पानं देणं त्यांनी थांबवलं नाही, उलट वाढवलं. मी नऊ वर्षं ती पानं लिहिली, तपासली आणि प्रत्येक पान स्वतः जाऊन करून पाहिलं. लोक म्हणायचे, सुधाकर सरांसारखा कामाचा माणूस नाही. हे ऐकताना नाना समोर असले की मला खाली बघावं लागे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझी धुळ्याला बदली झाली. नानांचे डोळे काचबिंदूने बरेचसे गेले होते. वाचता येत नव्हतं, म्हणून आता ते करून पाहणाऱ्यांत गेले होते. ऐकायचे आणि करून दाखवायचे. मी जायच्या आधी एका दुपारी डोळ्यांत औषध कसं घालावं, या विषयाचं पान घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते मीच लिहिलं होतं.

"वाच," ते म्हणाले आणि खिशातून आपली थेंबांची बाटली काढली.

मी एकदाच वाचलं. हात स्वच्छ धुवावेत, खालची पापणी बोटाने खाली ओढावी, एक थेंब सोडावा. नाना चाचपडत उठले, हात धुऊन आले, खुर्चीत ताठ बसले, समोर भिंतीकडे तोंड करून पापणी ओढली आणि बाटली दाबली. थेंब गालावरून घरंगळत हनुवटीवर आला.

"घे," ते म्हणाले. "लागलं हनुवटीला औषध. तिला काही झालेलं नव्हतं."

आतून अक्कांचा आवाज आला, "कोनं लिखं ते पान?"

"चुकलं, नाना," मी म्हणालो. "मान मागे टाकायची हे लिहायचं राहिलं."

"कोणाचं चुकलं?"

लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते हे विचारत. चुकांच्या वहीत टिपायचं असे, तेवढ्यासाठी. पण त्यांना माझे हात आता दिसत नव्हते, आणि त्यामुळे की काय, हात लपवून सुटायची मला सोय उरली नाही.

"माझं," मी म्हणालो. "आणि नाना, ते मिठाच्या पाण्याचं पानही. बुधीबाईसमोर मी बोलायला हवं होतं. तिचं नाव मी लिहिलं होतं."

नानांनी उपरण्याने हनुवटी पुसली. "तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस? मला तर माहीतच होतं."

पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेलो. बुधीबाईचे केस पांढरे झाले होते. कडेवरचं ते पोर शेळ्यांमागे पळत होतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्याकडे नीट पाहिलं, मला बरं वाटावं असं काहीही ती बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मंग आज काय करी दाखाडू?" मी पिशवीतून डोळ्याचं पान काढलं. ते तिने करून दाखवलं. त्या पानाच्या तळाशी तिचं नाव आहे. त्याच्याआधी नानांचं.

डोळ्याच्या पानाच्या त्या दुपारनंतर नाना मला भेटले नाहीत. मी धुळ्यात होतो आणि ते गेल्याची बातमी उशिरा कळली. माझ्याजवळ त्यांचं जे आहे ते त्याच दुपारचं. मी पानावर मान मागे टाकण्याचं वाक्य घातलं, त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलवली नाही. बाटली माझ्या हातात दिली.

"तू घाल. माझा हात कापतो."

त्यांनी चष्मा काढला, खुर्चीच्या पाठीवर मान टाकली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवले, छताकडे, पापणी न हलवता. मी बाटली उलटी धरून उभा होतो.

"घाल ना भो," नाना म्हणाले. "मान दुखी राहिनी."